हळदीचं कुंकू करणारं पाणी: लोणारच्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
लोणार सरोवराच्या नावाने जेवढ्या म्हणून बैठका होतात त्या सगळ्यांना बसणारे साहेब आणि मॅडम (वनखातं, पुरातत्त्व, महसूल, पर्यटन, नगरपरिषद, आणि मुंबईत बसून फायलीवर सही करणारे पण यात आले)

विषय: सरोवर खारंच राहू द्या, एवढाच.

महोदय,

मी लोणार तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. खाली नाव लिहिणार नाहीये, नोकरी आहे, समजून घ्या.

मागच्या हिवाळ्यात सातवीची २९ पोरं घेऊन विवरात, म्हणजे सरोवर ज्यात आहे त्या उल्केने पडलेल्या खड्ड्यात, उतरलो होतो. काठावर पोचलो तर आधी सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले, तो सडक्या अंड्यासारखा वास तुम्हाला माहितीच असेल, नसेल तर एकदा गाडीतून उतरून खाली या. एका पोरीने घरून हळदीची पुडी आणली होती, गाइड लोक दाखवतात तो खेळ तिला करून बघायचा होता. पांढऱ्या कागदावर चिमूटभर हळद ठेवली, बोट पाण्यात बुडवून एक थेंब सोडला, आणि पिवळ्याचं लालभडक झालं. "सर, कुंकू झालं!" सगळी पोरं तुटून पडली, पाच मिनिटांत पुडी संपली. मग मागे उभं असलेलं एक पोरगं, जे वर्गात कधी तोंड उघडत नाही, ते म्हणालं, "पण काहून झालं?"

साहेब, हे पत्र त्या 'काहून'साठी आहे. कारण त्याचं उत्तर मला देता आलं, पण त्यानंतर त्याने जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मला वाटतं तुमच्याकडेही एका जागी नसेल. तो म्हणाला, "मागच्या वर्षी पण एवढंच लाल व्हायचं का?"

पहिलं उत्तर सोपं आहे. पाणी अल्कधर्मी आहे, अल्कात हळद लाल होते. पिण्याच्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास असतो, लोणारचा १० च्या आसपास नोंदवत आलेत, आणि पीएचमध्ये एक आकडा म्हणजे दहापट, म्हणजे तीन आकड्यांचा फरक हजारपट झाला. नुसतं मीठ असतं तर हळद लाल झाली नसती, समुद्राच्या पाण्यात होत नाही. इथे मिठासोबत सोडा आहे, पापडखार आणि धुण्याचा सोडा ज्या कुळातले त्याच कुळातला. 'आईन-ए-अकबरी'त या जागेची नोंद आहे आणि तिथे काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो असं लिहिलंय, हे सांगितल्यावर पोरांचे डोळे मोठे झाले. जुन्या काळी इथला खार काढायचे, त्याला डल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी प्रतवारीची नावं होती. आज लोणारमध्ये किती जणांना ही नावं माहिती आहेत? मला स्वतःला चाळिशी उलटल्यावर कळली.

आता हा खार आला कुठून तर तो कुठून आला नाही, तो अडकला. उल्का बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर, आदळून साधारण १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला, कडेपासून तळ दीडशे मीटरच्या घरात खोल, त्यात पाऊस पडतो, धारेचं, म्हणजे कडेच्या झऱ्याचं, गोड पाणी बारा महिने येतं, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी जातं ते फक्त वाफ होऊन आणि वाफ होताना क्षार मागे ठेवून जातं. हजारो वर्षं हेच चाललंय. म्हणजे हे सरोवर एक हिशोबाची वही आहे, जमा पावसाची आणि झऱ्यांची, खर्च उन्हाचा, आणि शिल्लक राहतं ते मीठ. जमा आणि खर्च यांचा तोल गेला की शिल्लक बिघडणार, यात रॉकेट सायन्स काही नाही.

(हजारो की लाखो, हा आणखी एक घोळ. एका पाटीवर ५०,००० वर्षं लिहिलेलं असतं, जुन्या पद्धतीने काढलेलं वय साधारण ५२,००० येत होतं. नंतर आरगॉन पद्धतीने, म्हणजे खडकात अडकलेल्या आरगॉन वायूवरून, मोजलं तर साधारण ५,७०,००० आलं, ते २०१० नंतरच्या कागदपत्रात आहे. दहापटीचा फरक आहे राव! दोन्ही आकडे पाटीवर लिहा की, आणि फरक का पडला ते पण दोन ओळीत लिहा. पोरांना कळू द्या की विज्ञानात आकडा बदलतो आणि तो बदलला म्हणजे कोणी खोटं बोललं असं नसतं.)

तर मुद्दा. गेली काही वर्षं पाणी वाढतंय. काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिराला पाणी लागलंय, नवरात्रात तिकडे जाणाऱ्या बायाबापड्यांना विचारा, कुठली जागा कोरडी होती आणि आता कुठे पाणी आहे ते बोट दाखवून सांगतील. सासू-सुनेची विहीर, जिचं एका अंगाचं पाणी गोड आणि दुसऱ्या अंगाचं खारं असं सांगतात, ती तर पाणी उतरलं तरच दिसणार, आताच्या पोरांसाठी ती गोष्टीतलीच विहीर झालीय. आणि मागे सरोवरात मासे दिसल्याच्या बातम्या आल्या तेव्हा गावात काही लोकांना आनंद झाला, म्हणाले चला, पाणी सुधारलं!

साहेब, हीच ती भीती. लोणारच्या पाण्यात मासा दिसणं म्हणजे पाणी सुधारलं असं नाही, पाणी बिघडलं. त्या पाण्याचं खारं असणं हाच त्याचा जीव आहे. तिथे जे राहतं ते दुसरीकडे राहू शकत नाही, आणि जे दुसरीकडे सगळीकडे राहतं ते तिथे येऊ शकत नाही, म्हणून तर ते तिथे टिकलं. हिरवं पाणी दिसतं ना, ते स्पिरुलिनासारखं सूक्ष्म शेवाळ, ज्याच्या गोळ्या करून शहरात महाग विकतात, तेच इथे फुकट वाढतंय. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या लोकांनी इथून एक नवीन जिवाणू वेगळा काढला, २०१२ साली त्याचं नाव जाहीर झालं, सेसेम्बिया लोनारेन्सिस, म्हणजे पहिलं नाव त्यांच्या संस्थेचं आणि दुसरं आपल्या गावाचं. आपल्या गावाचं नाव एका जिवाला दिलंय आणि आपल्या गावच्या वेशीवर त्याची एक पाटी नाही, स्वागताच्या कमानीवर वाढदिवसाचे फ्लेक्स मात्र बारा महिने.

मला एक कबूल करायला पाहिजे, मी पण आधी उलटाच विचार करायचो. आमच्या लहानपणापासून भीती होती ती सरोवर आटण्याची. आजूबाजूला बोअर वाढले, झरे बारीक झाले, उन्हाळ्यात काठाची पांढरी पट्टी रुंद व्हायची, आणि सगळे म्हणायचे आता काही खरं नाही. मग २०२० चा जून आला. लॉकडाऊन चालू, कोणी घराबाहेर नाही, आणि एका सकाळी मोबाइलवर फोटो की लोणारचं पाणी गुलाबी झालं. काय काय फॉरवर्ड आले तेव्हा! कोणी म्हणे देवीचा कोप, कोणी म्हणे करोनामुळे प्रदूषण कमी झालं म्हणून, कोणी म्हणे परत उल्का पडणार. मला स्वतःला एका दिवसात चाळीस जणांनी विचारलं. नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संस्थेकडे गेले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले, आणि आघारकरच्या लोकांनी सांगितलं की हे हॅलोआर्किया, मीठ आवडणारे सूक्ष्मजीव, पाणी कमी होऊन खारेपणा चढला की ते माजतात आणि त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसतं, पाऊस पडला की रंग जातो. गेला पण.

म्हणजे बघा, २०२० मध्ये पाणी इतकं आटलं की गुलाबी झालं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत इतकं वाढलं की देवळात शिरलं. दोन्ही वेळा आपण सगळे तोंडात बोट घालून बघत बसलो. कोणी म्हणतं पाऊस जास्त झाला, कोणी म्हणतं धारेला पाणी वाढलं, कोणी म्हणतं आजूबाजूला बंधारे-तलाव झाले त्याचा झिरपा आत येतोय, कोणी म्हणतं वेडी बाभूळ तोडली म्हणून. सगळे खरे असतील, एखादाच खरा असेल. पण हे भांडण चहाच्या टपरीवर चाललंय, कारण ज्याने ते मिटेल तो आकडा लोकांसमोर नाही. किती पाणी आलं, किती उडालं, खारेपणा कुठून कुठे आला, महिन्या-महिन्याला. मला माहिती आहे की मोजमापं होतात, वेगवेगळ्या संस्था करतात. पण ती त्यांच्या रिपोर्टात राहतात, आणि रिपोर्ट फायलीत, आणि फाइल कपाटात, आणि कपाटाची चावी ज्याच्याकडे तो रजेवर.

आमच्या शाळेने एकदा प्रयत्न केला होता. महिन्यातून एकदा पोरांनी जायचं, पाण्याचा पीएच कागदाने बघायचा, रंग, वास, पक्षी, पाणी कुठल्या दगडापर्यंत आलंय ते वहीत लिहायचं, बस. अभयारण्य आहे, परवानगी पाहिजे, मान्य, नियम आहे तो बरोबरच आहे. अर्ज दिला. एका कार्यालयाने सांगितलं हा विषय आमचा नाही, त्यांचा. त्यांनी सांगितलं आमच्याकडे संशोधनासाठीचा नमुना अर्ज आहे, त्यात पीएचडीचा विषय आणि मार्गदर्शकाचं नाव भरा. सातवीच्या पोरांच्या पीएचडीचा विषय काय लिहू? तिसऱ्या ठिकाणी एका भल्या बाईंनी खरं सांगितलं, "सर, नाही म्हणायला कोणाचीच ना नाही, पण हो म्हणायचा अधिकार कोणाला आहे तेच ठरलेलं नाही." अर्ज अजून कुठेतरी फिरतोय. आम्ही मग बिनपरवानगीचं जे करता येतं तेवढं चालू ठेवलं, म्हणजे पायवाटेवरून नुसतं बघायचं आणि लिहायचं. हळदीचा थेंब नियमात बसतो का माहीत नाही, बसत नसेल तर दंड माझ्या पगारातून कापा.

आता तुम्ही म्हणाल मास्तर तक्रारी करताय, उपाय सांगा. उपाय माझा नाही, दुसरीकडे झालेला सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात मोनो लेक नावाचं सरोवर आहे. आपल्या लोणारचं चुलत भावंडच म्हणा, तेही सोड्याचं, तिथलाही पीएच १० च्या आसपास, तिथेही मासा नाही, बाहेर वाट नाही. फक्त ते लोणारपेक्षा कितीतरी मोठं. १९४१ पासून लॉस एंजेलिस शहराने त्याला मिळणारे ओढे वळवून शहराकडे नेले. पुढच्या चाळीस वर्षांत पाणी साधारण ४५ फूट उतरलं आणि खारेपणा दुप्पट झाला. एका बेटावर पक्ष्यांची घरटी होती तिथपर्यंत जमीन उघडी पडली आणि कोल्ह्यासारखी जनावरं चालत जाऊन घरट्यांवर पडायला लागली. तर हे थांबवायला पुढे कोण आलं? १९७६ साली काही विद्यार्थी तिथे मोजमाप करायला गेले होते, पाणी, कोळंबीसारखे जीव, माश्या, पक्षी, सगळं मोजलं. आणि मोजल्यावर गप्प बसवेना म्हणून त्यांच्यातल्याच मंडळींनी १९७८ मध्ये कमिटी काढली. शहरातल्या लोकांना समजावलं की बाबांनो तुमच्या नळाला येणारं पाणी कुठून येतं बघा, शहरातली पोरं सरोवरावर नेली, लोक सायकलवरून शहरातलं पाणी बाटलीत घेऊन सरोवरात परत ओतायला गेले. आणि सोबत कोर्टात लढले. १९८३ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा सरोवरांचं सरकार लोकांच्या वतीने विश्वस्त असतं. मग १९९४ मध्ये राज्याच्या जलमंडळाने एक आकडाच ठरवून दिला, समुद्रसपाटीपासून ६,३९२ फूट, इथपर्यंत पाणी आलं पाहिजे, तोवर शहराने ओढ्यांना हात आखडता घ्यायचा. तो आकडा अजून गाठलेला नाही, भांडण अजून चालू आहे, परीकथा नाहीये ती. पण आकडा आहे! शाळेतलं पोर सुद्धा आज पाणी किती कमी आहे ते सांगू शकतं.

आणि यातली गंमत ऐका. ते विश्वस्ताचं तत्त्व आपल्याकडे पण आलंय. १९९६ च्या डिसेंबरात आपल्या सुप्रीम कोर्टाने बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या खटल्यात सांगितलं की सरकार नैसर्गिक संपत्तीचं विश्वस्त आहे आणि हे तत्त्व भारताच्या कायद्याचा भाग आहे, आणि ते सांगताना त्या मोनो लेकच्या निकालातले उतारे निकालपत्रात घेतलेत. म्हणजे एका खाऱ्या सरोवरासाठी लिहिलेली वाक्यं सातासमुद्रापलीकडून येऊन आपल्या कायद्यात बसली, आणि आपलं स्वतःचं खारं सरोवर अजून कुठल्या खात्याचं कोणतं काम यात अडकलंय. कोर्टाचं नाव निघालंच तर लोणारची जनहित याचिका नागपूर खंडपीठात २००९ पासून आहे. ज्यांनी ती घातली, जे वकील उभे राहिले त्यांना माझा हात जोडून नमस्कार, पण दर वेळी आत जाणारं सांडपाणी न्यायाधीशांनीच थांबवायचं का? मग तुम्ही बैठकीत काय करता?

सांडपाण्यावरून एक सांगतो, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बैठकीत कोणी मांडतं की नाही देव जाणे. गावाचं सांडपाणी वर्षानुवर्षं उतारावरून आत गेलं. ते घाण आहे म्हणून वाईट हे सगळ्यांना कळतं, त्यावर उपाय म्हणजे प्रक्रिया प्रकल्प, ठीक. पण साहेब, प्रक्रिया केलेलं पाणी सुद्धा आत सोडायचं नाही! ते स्वच्छ असेल, पण गोड आहे. आणि त्यात नायट्रोजन-फॉस्फरस थोडंफार राहतंच, म्हणजे शेवाळाला खतच. नदीच्या नियमाने चालाल तर शुद्ध केलेलं पाणी सोडलं की काम झालं, पण ही नदी नाही. इथे आलेला थेंब वाहून जात नाही, तो हिशोबाच्या वहीत जमा होतो. हे पाणी विवराच्या बाहेर शेताला द्या, झाडांना द्या, कुठेही द्या, आत नको. आणि याच न्यायाने, आता वाढलेलं पाणी मोटर लावून उपसून काढू असं जर कोणाच्या डोक्यात असेल तर तेही नको, निदान आधी मोजल्याशिवाय तरी नको, कारण उपसाल तेव्हा पाण्यासोबत हजारो वर्षांचा खारही बाहेर जाईल, तो परत कुठून आणणार?

माझं म्हणणं असं की आधी एक पट्टी लावा. साधी, पाण्याची पातळी दाखवणारी, धरणावर असते तशी. दर महिन्याच्या एका ठराविक तारखेला पातळी, पीएच, खारेपणा, धारेला किती पाणी आहे, एवढं मोजा आणि बसस्टँडवर फळ्यावर लिहा. खडूने लिहा, चालेल, एलईडी स्क्रीन नको, तो दोन महिन्यांत बंद पडतो आणि मग त्याच्या दुरुस्तीचं टेंडर निघतं. आणि मोनो लेकसारखं तज्ज्ञांना बसवून ठरवा की या सरोवरात पाणी किती ते किती असावं, खारेपणा किती ते किती असावा. वर गेलं तरी घंटा, खाली गेलं तरी घंटा. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत, २०२० मध्ये ४२७ हेक्टरला रामसरचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतला, दर्जा मिळाला, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ही दुसरी जागा, तेव्हा आपण पेढे वाटले. रामसरचा खरा अर्थच हा की या जागेचा स्वभाव बदलू देणार नाही असा जगाला दिलेला शब्द. लोणारचा स्वभाव खारा आहे.

दुसरी गोष्ट संशोधनाची, आणि यात मला तुमच्याइतकंच विद्यापीठवाल्यांनाही बोलायचंय. इथे दुनियेभरचे लोक येतात. बेसॉल्टमधलं आघाताचं विवर म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे येतात, कारण तिथलाही खडक याच जातीचा. १९७० च्या सुमारास भूवैज्ञानिकांनी इथे भोकं पाडून नमुने काढले आणि १९७३ मध्ये छापून आलं की आतल्या खनिजाची मॅस्केलिनाइट नावाची काच झालीय, जी ज्वालामुखीने होत नाही, आघाताच्या प्रचंड दाबानेच होते, तेव्हा कुठे ज्वालामुखी की उल्का हा वाद मिटला. केवढी मोठी गोष्ट! पण ती इथल्या माणसाला कोणी सांगितली? येतात, बाटल्या भरतात, दगड नेतात, हॉटेलात राहतात, जातात. पेपर इंग्रजीत, तोही पैसे भरून उघडणारा. तुम्ही परवानगी देताना फक्त एक अट घाला: ज्याने नमुना नेला त्याने वर्षाच्या आत एक पान मराठीत लिहून द्यायचं, मला काय सापडलं आणि त्याचा सरोवराला काय उपयोग, आणि इथल्या कुठल्याही एका शाळेत येऊन एक तास बोलायचं. सरकारला यात रुपया खर्च नाही. दहा वर्षांत दहा-वीस पानांचं का होईना, लोणारचं स्वतःचं पुस्तक तयार होईल आणि माझ्या पोराला 'मागच्या वर्षी किती लाल व्हायचं' याचं उत्तर मिळेल.

शिक्षण म्हटलं की तुमच्याकडून चित्रकला स्पर्धा येते, 'लोणार वाचवा' घोषवाक्य, पहिलं बक्षीस कंपासपेटी. असू द्या, वाईट काही नाही. पण पोरं चित्रात काय काढतात माहितीये? निळं पाणी, कमळं आणि मासे! त्यांची चूक नाही, पुस्तकात तलाव असाच असतो. सरोवरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या पोराच्या डोक्यात सरोवर दुसरंच आहे. आमच्याच एका पुस्तिकेत वाचलं होतं की १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराचा 'शोध' लावला. एक पोरगी म्हणाली, "सर, मग आपल्या गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर बांधणाऱ्याले दिसलं नसन का?" मी काय बोलणार. मंदिर त्याच्या काही शतकं आधीचं आहे. त्याने इंग्रजांच्या कागदात नोंद केली एवढं खरं, शोधबिध काही नाही.

गाइड पोरांना पण शिकवा, आणि नीट पगार द्या. आमच्याकडचे काही गाइड इतकं सुंदर सांगतात की मी माझा वर्ग त्यांच्याकडे सोपवतो. पण काही अजून परग्रहवासी आणि किरणोत्सर्ग सांगून पर्यटक खूश करतात, कारण त्याला टिप जास्त मिळते. दोष त्यांना देऊ का?

विकास आराखड्याबद्दल जास्त लिहीत नाही, काही शे कोटींचे आकडे पेपरात वाचून आम्हाला चक्कर येते. फक्त एक बघा. विवर म्हणजे नुसता खड्डा नाही, आघाताने उडालेला जो मलबा कडेच्या बाहेर चहूबाजूंनी पडलाय तोही विवराचाच भाग आहे, आणि तो इतका बरा राहिलेला बेसॉल्टमध्ये दुसरीकडे सहज मिळत नाही. त्याच्यावर पार्किंग, त्याच्यावर गेस्ट हाउस, त्याचाच मुरूम काढून रस्त्याला भराव, हे करून आपण सरोवर दाखवायला सरोवराचंच पान फाडतोय. १९७९ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवारसा म्हणून जाहीर केलेली जागा आहे ती. कडेवर पाय ठेवायच्या आधी एखाद्या भूवैज्ञानिकाची सही असावी, ठेकेदाराची नंतर.

एक वाईट उदाहरण पण मनात ठेवा. राजस्थानचं सांभर, समुद्रापासून दूर असलेलं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं खारं सरोवर, १९९० पासून रामसरच्या यादीत. २०१९ च्या नोव्हेंबरात तिथे हजारो पक्षी मेले, बॉटुलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारा रोग, निघाला. त्याचा फोटो मी वर्गात दाखवला होता, नंतर वाटलं दाखवायला नको होता. पाण्याची रोजची नजर नसली की आधी पक्षी सांगतात, आणि ते असं सांगतात.

लोकांना बैठकीत बसवा, ही शेवटची मागणी. एक गाइड, एक शेतकरी, कमळजा देवीच्या देवस्थानाचं एक माणूस, एक मास्तर (मीच पाहिजे असं नाही), आणि ज्यांची घरं उतारावर आहेत त्यांच्यातली एखादी बाई, कारण सांडपाणी कुठून कुठे जातं हे तिला तुमच्या नकाशापेक्षा जास्त कळतं. बैठकीचा वृत्तांत मराठीत, त्याच फळ्याशेजारी लावा. आम्ही विरोध करायला येणार नाही हो. यात्रेच्या दिवसांत साबण, तेल, प्लास्टिक खाली जाऊ नये म्हणून तुमची चार माणसं कमी पडतात, आमची शंभर पोरं उभी राहतील, फक्त आदल्या दिवशी फोन करून 'पोरं पाठवा' असं सांगू नका, वर्षभर बोलत चला.

आमची ती बिनपरवानगीची वही चालू आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोणीतरी दोघं जातात आणि लिहितात. त्यात शास्त्रीय असं फार काही नाही, 'हिरवा पण मागच्या वेळेपेक्षा फिका', 'वास कमी', 'चपटा दगड बुडाला, आता फक्त टोक दिसते', 'मोर ६, टिटवी लय ओरडते', असं. पण सलग लिहिलेलं आहे, एकही महिना चुकलेला नाही, परीक्षेतही नाही. पुढची बैठक कधी आहे ते कळवा, वही घेऊन येतो. त्या पोरीला आणि त्या न बोलणाऱ्या पोराला पण आणीन, त्यांना तुम्हाला दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाणी तुम्ही आणा, परवानगी तुमच्याकडे आहे. हळदीची पुडी ती आणणार आहे.

आपला,
लोणार तालुक्यातला एक विज्ञानाचा मास्तर